ॲट लावून वॉर्निंग दाबू नको

भाऊ, पीएचपीत (वेब पानं बनवायची प्रोग्रामिंग भाषा) लिहिलेल्या कापसाच्या भावाच्या पानावर वॉर्निंग दिसली म्हणून ओळीओळीत @ (एररचा संदेश दाबणारं चिन्ह) लावत सुटू नको. पीएचपी चालते त्या मशीनचं नेट गेलं, की फाइल_गेट_कंटेंट्स (नेटवरून भावाचा मजकूर आणणारं फंक्शन) फॉल्स, म्हणजे 'जमलं नाही', असं उत्तर देतं. @ मुळे कारण दडतं अन् भावाचा रकाना नुसता कोरा दिसतो. कास्तकार तोच रकाना पाहून गाडी भरायची का ते ठरवतो! आलेलं उत्तर === (किंमत अन् प्रकार दोन्ही जुळतात का ते पाहणारं चिन्ह) ने फॉल्सशी ताडून पाहा, अन् 'भाव मिळाला नाही' असं स्पष्ट छाप. फॉर्ममधून एखादी किल्ली (चौकटीचं नाव) आलीच नाही, तर ?? (नसलेल्या किमतीच्या जागी आपण ठरवलेली किंमत देणारं चिन्ह) वापर; पीएचपी ७ पासून आहे ते.

चालू सर्व्हरवर डिस्प्ले_एरर्स (एरर पानावर दाखवायची सेटिंग) ऑफ, लॉग_एरर्स (एरर फाइलीत नोंदवायची सेटिंग) ऑन, लॉगची फाइल वेब फोल्डरच्या बाहेर. पीएचपी ८ पासून @ ने फेटल एरर (प्रोग्राम थांबवणारी चूक) तशीही दबत नाही. घरच्या मशीनवर मात्र ई_ऑल (सगळ्या प्रकारच्या एरर कळवणारी पातळी) ठेव, सगळं दिसू दे.