दया कोणाच्या खिशातून?

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. न्यायाधीशाच्या नेमणुकीआधी लोक साक्षीपुराव्याच्या कायद्याची उजळणी करतात, तू बायबलचा जुना करार वाचायला घेतलास. माझ्याकडे काढलेली तीन वर्षं अगदीच वाया गेली नाहीत म्हणायची. तुझी तक्रार वाचून मात्र हसू आलं. सदोमवर हा देव आग आणि गंधक पाडतो, आणि निनवेच्या लोकांनी गोणपाट नेसून उपास धरला की त्यांना सोडून देतो. एकाच न्यायालयाचे दोन निकाल इतके वेगळे कसे, असं तू विचारतेस. प्रश्न वकिलाला शोभणारा आहे.

आधी एक दुरुस्ती. ‘जुना करार’ हे ख्रिस्ती लोकांनी दिलेलं नाव. ज्यू त्याला तनाख म्हणतात, आणि त्यांच्या लेखी त्यात जुनं झालेलं काही नाही. शिवाय त्यांच्याकडे हा ग्रंथ कोणी नुसता वाचत नाही. तालमूद आणि मिद्राश म्हणजे रब्बींनी, ज्यू धर्मपंडितांनी, त्याच्याशी शतकानुशतकं घातलेला वाद. म्हणून मी तुला मूळही सांगणार आणि वादही.

तुझ्या मराठी प्रतीत ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघड. तिथे फक्त ‘देव’ आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून तो ‘परमेश्वर देव’ होतो. हिब्रूत पहिलं नाव एलोहीम, आणि दुसरं ते चार अक्षरी नाव, जे ज्यू उच्चारतच नाहीत. रब्बी म्हणतात, एलोहीम हे देवाच्या न्यायाचं नाव, चार अक्षरी हे दयेचं. राशी हा 11व्या शतकातला भाष्यकार पहिल्याच वचनावर लिहितो की देवाच्या मनात आधी जग निव्वळ न्यायावर उभारायचं होतं. ते टिकणार नाही हे पाहून त्याने दया पुढे केली आणि न्यायाला तिची जोड दिली. मिद्राशात एक राजा आहे, त्याच्याकडे काचेचे नाजूक पेले आहेत. उकळतं ओतावं तर फुटतील, बर्फासारखं ओतावं तर तडकतील. म्हणून तो दोन्ही मिसळून ओततो.

न्यायाला हिब्रूत ‘दीन’ म्हणतात. आपल्याकडे दीन म्हणजे गरीब. योगायोगच, पण मला आवडतो. दयेचा शब्द मात्र योगायोगाने जुळलेला नाही. ‘रहमीम’ हा ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या मुळातून आला, आणि त्याच घराण्यातला अरबी शब्द फारसीतून मराठीत उतरला, तो आपला ‘रहम’. मुंबईत मशीद बंदर स्टेशनाजवळ बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, 1796 सालचं सभास्थान आहे, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं. त्याचं नाव शाआर हारहमीम, रहमेचं द्वार. हे ‘शनिवार तेली’ घरात मराठी बोलायचे, शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे. स्टेशनाचं नाव त्याच ‘मशिदी’वरून पडलं असं सांगतात. खाली उतरलीस की बघून ये.

तर पेल्यांची गोष्ट. खरं सांगू? मला ती अर्धीच पटते. अर्धं गरम, अर्धं गार, म्हणजे देव कोमट. तनाखमध्ये कोमट असं काही घडतच नाही. तिथे प्रश्न प्रमाणाचा नाही. दया करायची ठरली तर तिची किंमत कोण चुकवणार, हा आहे. तुला सांगायचं ते एवढंच, पण ते मला एका फजितीतून कळलं, म्हणून आधी ती ऐक.

वकिलीची सुरुवातीची वर्षं. एका सावकाराच्या बाजूने हुकूमनामा मिळवला आणि उत्साहाच्या भरात जप्तीला बेलीफाबरोबर मीही गेलो. ऋणको शिंपी होता. बेलीफ दारात थांबला, मी सरळ आत शिरलो आणि शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. म्हातारा बेलीफ हळूच म्हणाला, “वकीलसाहेब, ते त्याचं हत्यार आहे. कलम 60.” दिवाणी प्रक्रिया संहितेतलं ते कलम मला तोंडपाठ होतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. पाठ होतं, पण त्या घरात आठवलं नाही.

पुढे कधीतरी तनाखमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 24वा अध्याय वाचला आणि कान तापले. धनकोने गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभं राहावं. गहाणाची वस्तू त्यानेच बाहेर आणून द्यावी. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तो जीवच गहाण घेतल्यासारखं आहे. गरिबाचं पांघरूण घेतलंच तर सूर्य मावळताना परत करावं, त्याला ते पांघरून झोपता आलं पाहिजे. बघ, कर्ज माफ झालेलं नाही. धनकोचा हक्क पूर्ण शाबूत आहे, तो फक्त उंबऱ्याबाहेर उभा आहे.

याच ग्रंथात लेवीयाच्या 19व्या अध्यायात न्यायाधीशाला बजावलं आहे की श्रीमंताचं तोंड बघू नकोस. हे कोणीही सांगेल. पण त्याच वाक्यात गरिबाचीही बाजू घेऊ नकोस असं म्हटलं आहे. निर्गमाच्या 23व्या अध्यायातही तेच. अनाथ, विधवा, परदेशी यांच्यासाठी जीव टाकणारा हा ग्रंथ न्यायासनावर गरिबाला सवलत देत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे निष्ठुर वाटलं होतं. आता वाटत नाही. वादी-प्रतिवादीपैकी एकाचे पैसे काढून दुसऱ्यावर दया करणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

मग दया कुठून आणायची? दावीद राजाने आपल्या सगळ्या लोकांशी ‘मिशपात आणि त्सेदाका’ केली असं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. मिशपात म्हणजे न्याय. त्सेदाका म्हणजे धर्मही आणि दानही. ज्यू लोक आजही दानाला हाच शब्द वापरतात. तालमूदच्या सानहेद्रिन भागात रब्बी विचारतात, दोन्ही एकाच निकालात कसं जमेल? एक उत्तर असं: दावीद निकाल चोख द्यायचा. देणेकरी ठरलेला माणूस गरीब निघाला तर ती रक्कम स्वतःच्या घरातून भरायचा. ज्याचे पैसे परत मिळाले त्याला न्याय, ज्याचे भरले गेले त्याच्यावर दया.

लगेच दुसरा रब्बी उठतो. असं असतं तर ‘सगळ्या लोकांशी’ का म्हटलं, ‘गरिबांशी’ का नाही? तो म्हणतो, राजाने खिशात हात घातला नाही तरी निकाल हीच त्सेदाका, कारण हरलेल्याच्या हातातली चोरीची वस्तू सुटते. हे उत्तर मी अनेक वर्षं मनात घोळवतो आहे. तुझ्यासमोर रोज कोणीतरी हरणार आहे. त्याच पानावर तडजोडीवरून भांडण आहे: एक म्हणतो ती करवणं पुण्याचं, दुसरा म्हणतो निषिद्ध, न्यायाने डोंगर भेदून जावं. देवाचा कायदा लोकांपर्यंत आणणारा मोशे डोंगर भेदणारा, त्याचा भाऊ अहरोन समेट घडवणारा.

आणखी एक गोष्ट, माझी सगळ्यात लाडकी. बाबिलोनमधल्या एका विद्वानाच्या हमालांनी दारूचा पिंप फोडला. त्याने नुकसानभरपाई म्हणून त्यांचे अंगरखे काढून घेतले. हमाल रव नावाच्या रब्बीकडे गेले. तिसऱ्या शतकातला हा मोठा माणूस, सुरा इथल्या विद्यापीठाचा संस्थापक. रव म्हणाला, “त्यांचे अंगरखे दे.” विद्वानाने विचारलं, “हा कायदा आहे?” रवने नीतिसूत्रांतलं अर्धं वचन ऐकवलं: चांगल्यांच्या वाटेने चाल. अंगरखे परत मिळाले. हमाल म्हणाले, “आम्ही गरीब, दिवसभर राबलो, उपाशी आहोत, हातात काही नाही.” रव म्हणाला, “जा, मजुरी दे त्यांची.” “हाही कायदा?” “हो,” आणि रवने त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग ऐकवला: नीतिमानांचे मार्ग धर.

आता हे वकिलाच्या नजरेने वाच. पिंप फुटला हे रवने नाकारलं नाही. हमाल निर्दोष आहेत असंही म्हटलं नाही. ज्याचा पिंप होता त्याच्याकडेच त्याने मागितलं, तेही तो स्वतः त्या वचनावर जगण्याचा दावा करणारा होता म्हणून. ‘हा कायदा आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची छाती मला कधी झाली नसती.

देवालाही हा खर्च सुटलेला नाही. निर्गमाच्या 34व्या अध्यायात मोशेपुढे तो स्वतःचं वर्णन करतो: कनवाळू, मंदक्रोध, हजारो पिढ्यांवर दया करणारा, पण दोषी माणसाला निर्दोष म्हणून मुळीच न सोडणारा. ज्यू प्रार्थनेत, योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशीही, हे वचन बरोबर मधे तोडतात. हिब्रूत ‘वनक्के लो यनक्के’ आहे, म्हणजे ‘मुळीच सोडत नाही’. ‘वनक्के’वर थांबलं की उरतं ‘सोडून देणारा’. दस्तऐवजातला नकार वगळून तो दाखल करायचा, आणि तोही ज्याने दस्त लिहिला त्याच्याच समोर! आपण केलं असतं तर सनद गेली असती. तालमूदमध्ये तर देव स्वतःच प्रार्थना करतो की माझी दया माझ्या रागावर मात करो.

आता तुझं सदोम-निनवे. सदोमसाठी ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम देवाशी घासाघीस करतो: पन्नास निर्दोष सापडले तर शहर सोड, इथपासून दहापर्यंत. सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीशच न्याय करणार नाही का, असं तोंडावर विचारतो. न्यायाचं नाव घेऊन मागतो मात्र दया: निर्दोषांना वेगळं काढ एवढंच नाही, त्यांच्यासाठी अख्खं शहर सोड. दहासुद्धा सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तो त्याच जागी जाऊन भट्टीसारखा धूर बघत उभा राहतो. निनवेला बजावायला देवाने पाठवलेला संदेष्टा योना याच्या अगदी उलट. शहर वाचलं म्हणून तो रागावतो. म्हणतो, तू कनवाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच तर मी तार्शीशला पळालो. मोशेला सांगितलेली यादीच तो वाचतो, पण त्यातलं ‘एमेत’, सत्य, गाळतो. त्याच्या बापाचं नाव अमित्तय, त्याच शब्दाचं. हा मुलगा सत्याचा पक्ष घेऊन आला आहे आणि त्याला वाटतं आपली फसवणूक झाली. त्याला सावली देणारी एक वेल सुकते, आणि देव त्याला तिच्यावरून टोकतो: जिच्यासाठी तू कष्ट केले नाहीस तिची तुला कणव आली, मग एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं यांची मला येऊ नये? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. योनाचं उत्तर नाही.

पण निनवेचा खटला तिथे निकाली निघाला नाही. नहूम नावाचं तीन अध्यायांचं छोटं पुस्तक आहे, तेही निनवेबद्दलच. नहूमही मोशेच्याच वचनापासून निघतो, मंदक्रोध म्हणतो, आणि प्रार्थनेत तोडलेला तो उरलेला तुकडा, ‘लो यनक्के’, पुरता उच्चारतो. निनवे इसवी सनापूर्वी 612 मध्ये पडलं.

योना चार अध्याय, नहूम तीन. एका बैठकीत होतील. याच क्रमाने वाच, आणि योनाच्या जागी तू असतीस तर त्या शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतंस ते मला लिही. सही करायच्या आधी लिही. नंतर तुला अशा गोष्टी लिहायला सवड मिळायची नाही. आणि हो, जप्तीचा पहिला अर्ज समोर आला की बेलीफाचं वय विचारून घे. म्हातारा असला तर नशीबवान आहेस.

तुझा,
काका