शपथ, शाप आणि शिवी

प्रश्न : मी इंग्रजी कथांचे मराठी भाषांतर करतो. अलीकडे एका भाषांतरात, खिळा ठोकताना अंगठ्यावर हातोडी बसलेल्या सुताराने ‘दबक्या आवाजात शपथ घेतली’, असे वाक्य वाचले. मूळ क्रियापद ‘स्वेअर’ असणार, हे उघड आहे. शपथ आणि शिवी यांना इंग्रजीत एकच शब्द कसा? ‘कर्स’, ‘कस’, ‘प्रोफॅनिटी’, ‘एक्स्प्लेटिव्ह’ हे शब्दही समानार्थी मानावेत का?

उत्तर : आपण दाखवलेली चूक भाषांतरात वारंवार होते आणि तिच्यामुळे प्रसंगाचा सगळा जीवच निघून जातो. ‘स्वेअर’चा मूळ अर्थ शपथ घेणे हाच आहे, ‘आन्सर’ या शब्दाचा उत्तरार्धही त्याच घराण्यातला, कारण आरोपाला शपथेवर दिलेला जबाब हा त्याचा जुना अर्थ होता. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही बायबलमधील दहा आज्ञांपैकी एक. त्यामुळे रागाच्या किंवा थट्टेच्या भरात देवाची, ख्रिस्ताच्या जखमांची वा रक्ताची शपथ वाहणे हीच त्या समाजात सर्वांत वाईट भाषा ठरली आणि शपथेचा शब्द अपशब्दाला चिकटला.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. १६०६ च्या इंग्लंडमधील कायद्याने रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेने उच्चारल्यास दहा पौंड दंड ठेवला. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या नाटकाची १६२२ ची आणि १६२३ ची छापील प्रत शेजारी ठेवून पाहावी : पहिलीत ‘झाउंड्स’, म्हणजे ‘देवाच्या जखमांची शपथ’, हा शब्द जागोजागी येतो, तर दुसरीत तो गाळलेला आहे. पुढे १७४५ च्या कायद्याने तर माणसाच्या दर्जानुसार दर ठरवले. मजूर, साधा सैनिक किंवा खलाशी यांना एक शिलिंग, सद्गृहस्थाच्या दर्जाखालील इतरांना दोन आणि सद्गृहस्थ वा त्याहून वरच्यांना पाच शिलिंग दंड होता. ‘गॉड’, ‘डॅम’, ‘हेल’ हे शब्द मोडून निरुपद्रवी केलेले ‘गॉश’, ‘डार्न’, ‘हेक’ असे उद्गारही याच धाकातून आले.

‘कर्स’ म्हणजे शाप; ‘कस’ हा त्याचाच ‘र’ गळालेला अमेरिकी उच्चार. येथे मराठी वाचकाने आपल्याकडेही पाहावे, कारण शपथ आणि शाप हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘शप्’ या एकाच धातूपासून आले आहेत. शपथ खोटी ठरली तर ती घेणाऱ्यावरच उलटते, म्हणून ती स्वतःला अटीवर दिलेला शापच असते, असे मला वाटते.

‘प्रोफॅनिटी’ ज्यावरून आला, तो ‘प्रोफेन’ म्हणजे मंदिराबाहेरचे, अपवित्र. ‘एक्स्प्लेटिव्ह’चे कूळ मात्र वेगळे : लॅटिनमध्ये त्याचा संबंध भरण्याशी आहे आणि व्याकरणात तो वाक्यातील जागा भरणाऱ्या शब्दाला म्हणत. १९७४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींच्या लिखित प्रतींत अपशब्दांच्या जागी ‘एक्स्प्लेटिव्ह डिलीटेड’ (अपशब्द गाळला) अशी टीप छापली गेली आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. हे शब्द समानार्थी मानू नयेत. आजच्या बोलण्यात ते एकमेकांच्या जागी येतात, इतकेच.

आता भाषांतराविषयी. मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भेद असा की, इंग्रजीतील ‘स्वेअर’ला समोर माणूस लागत नाही, तर मराठीत शिवी बहुधा कोणाला तरी दिली, घातली किंवा हासडली जाते. त्यामुळे ‘त्याने शिवी दिली’ असे लिहिताच वाचक विचारतो, कोणाला? ‘स्वेअर अ‍ॅट’ (म्हणजे कोणाला तरी उद्देशून) असेल, तर शिवी निःशंकपणे हासडावी. नुसता ‘स्वेअर’ असेल, तर ‘त्याच्या तोंडून अपशब्द निघाला’ किंवा ‘तो स्वतःशीच चरफडला’ असे लिहावे. शब्दाची तीव्रता मूळ पात्राच्या काळाप्रमाणे ठरवावी, कारण ‘डॅम’ हा शब्द आज सौम्य वाटला, तरी पूर्वी त्यात नरकात जाण्याचा खराखुरा शाप होता.

आपल्या सुताराचे म्हणाल, तर मी त्याला हातोडीच देईन : ‘अंगठा मुठीत दाबून धरत त्याने दातांतल्या दातांत हातोडीला एक शिवी हासडली.’