बाळाचे अर्धे अंग लाल, अर्धे फिकट दिसले : हा भास नव्हे

आपण विचारले आहे की, चार दिवसांचे बाळ कुशीवर निजलेले असताना त्याचे खालचे अर्धे अंग लाल आणि वरचे अर्धे फिकट दिसले, पाच मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तर हे काय असावे आणि पुन्हा होईल का. आपण जे पाहिले ते खरोखरच घडले आहे, हे मी सर्वांत आधी सांगते, कारण मला ते कोणीही सांगितले नव्हते.

माझी मुलगी तीन दिवसांची असताना दूध पिऊन डाव्या कुशीवर निजली होती. दुपटे सारखे करायला गेले, तर छातीच्या मधोमध आखून काढावी तशी रेघ होती. ती कपाळापासून थेट जांघेपर्यंत गेलेली, एका बाजूला लालबुंद कातडी आणि दुसऱ्या बाजूला रक्त उतरल्यासारखी पांढुरकी. मी ओरडले आणि तिला उचलले. नणंदबाई धावत येईपर्यंत रंग ओसरला होता. "झोप नाही तुला, भास झाला असेल," असे त्या म्हणाल्या. संध्याकाळी तेच पुन्हा घडले आणि त्यांनाही ओझरते दिसले, तेव्हा मात्र मी बाळाला एकाच कुशीवर फार वेळ ठेवल्यामुळे रक्त साकळले, असा ठपका आला. घरात सर्वांनी तो मान्य केला. मी दोन रात्री मुलीला खाली ठेवले नाही.

तिसऱ्या वेळी हात थरथरत असतानाही मी मोबाईलवर चित्रण केले. बालरोगतज्ज्ञांनी ते पाहिले, मुलीला नीट तपासले आणि नाव सांगितले : हार्लेक्विन रंगबदल. याचे वर्णन नेलिगन आणि स्ट्रँग या डॉक्टरांनी १९५२ मध्येच केले आहे. त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण सांभाळणारी मेंदूतील यंत्रणा नवजात बाळात पुरती तयार नसल्याने हे होते, असे मानले जाते. खालच्या बाजूच्या वाहिन्या रुंदावतात, वरच्या आक्रसतात. अर्ध्या मिनिटापासून वीस मिनिटांपर्यंत ते टिकते, दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत अधिक दिसते, आणि मुदतीआधी जन्मलेल्या वा कमी वजनाच्या बाळांत त्याचे प्रमाण जास्त असते. उपचार लागत नाहीत.

केवळ कुशीवर ठेवल्याने रक्त साकळत असते, तर कुशीवर निजणाऱ्या प्रत्येक बाळाला ते झाले असते. त्यामुळे आपल्या घरी कोणी आईच्या हयगयीकडे बोट दाखवत असेल, तर ते ऐकून घेऊ नका. तिने काही केल्यामुळे हे झालेले नाही. माझे चित्रण पाहून नणंदबाई गप्प राहिल्या. 'भास' हा शब्द त्यांनी आजवर मागे घेतलेला नाही.

पुन्हा होईल का, तर होऊ शकते. माझ्या मुलीला पाच वेळा झाले. पहिल्या महिन्यात ते बहुधा आपोआप थांबते. हार्लेक्विन इक्थिओसिस हा जन्मतः त्वचा जाड व भेगाळलेली असणारा गंभीर आजार सर्वस्वी वेगळा आहे. नावाच्या साम्यामुळे घाबरू नये. तरीही डॉक्टरांना एकदा दाखवाच, आणि झोपवताना बाळाला पाठीवरच ठेवा. रंग ओसरत नसेल, ओठ किंवा जीभ निळसर वाटत असेल, श्वास जलद चालत असेल, ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल असेल, तर चित्रण करत न थांबता तडक रुग्णालय गाठावे.