पहिल्या ४० किमीच्या राइडची तयारी

अरे, यंदाच ४० किमीच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत उतरायचंय आणि घोडी चार वर्षांची आहे म्हणतोस, मग यंदा स्पर्धेचं डोक्यातून काढ, आधी पाया पक्का कर. सुरुवातीला नुसतं चालवणं आणि हलकी दुडकी, दौड नकोच. दम आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात पण कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) आणि हाडांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि नवीन लोक नेमके इथेच फसतात, घोडी दमत नाही म्हणून अंतर वाढवत सुटतात आणि मग पाय सुजतो.

- अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नको.
- थांबल्यावर नाडी मोज, १५-२० मिनिटांत मिनिटाला ६४ ठोक्यांच्या खाली आलीच पाहिजे.
- रोज पायांवरून हात फिरव, गरम लागलं तर सुट्टी.

आणि तू स्वतः? उतारावर खाली उतरून तिच्यासोबत चाल बाबा, तुझाही स्टॅमिना वाढेल. तिला द्यायच्या इलेक्ट्रोलाइटचं (घामातून जाणाऱ्या क्षारांचं) नंतर बघू.