बँकेत विचारूनच घेतलेली सासूबाईंची फॅमिली पेन्शन आता ‘जादा’ ठरवून बँक वसूल करतेय. भरून टाकावी की वाद घालावा?

वाद घाला. आणि बँकेतले लोक कपातीला संमती देणारं पत्र सासूबाईंच्या पुढ्यात ठेवतील, त्यावर आज सही करू देऊ नका. बाकीचं नंतर.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे: ‘चूक बँकेची असली तरी पैसे आपण वापरलेत, तर परत करायलाच हवेत असं घरातले म्हणतात.’ खरं तर या वाक्यासाठीच लिहायला बसले. हेच वाक्य माझ्या सख्ख्या मामाने माझ्या आईला बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी, पानावर बसलेल्या माणसांसमोर ऐकवलं होतं. वर आणखी, ‘ताई, तुला कळायला हवं होतं.’ आई उठून आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

तिला कळलं होतं, हाच तर सगळा मुद्दा आहे.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात क वर्गात होते. साठाव्या वर्षी २०११ च्या अखेरीस निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच गेले. आईला फॅमिली पेन्शन वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के, सुरू झाली. निवृत्तीनंतर माणूस गेला तर हा वाढीव दर सात वर्षं किंवा तो माणूस सदुसष्ट वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. मग तीस टक्के. आमच्या बाबतीत सदुसष्ट आधी येत होते, २०१८ च्या अखेरीस. पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, तारीख होतीच.

ती तारीख उलटून गेली तरी खात्यात तेवढीच रक्कम येतेय, हे आईच्या लक्षात आलं. माझी आई दहावी शिकलेली आहे, पण पासबुक भरून आणलं की चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचते. ती भांडुपहून शाखेत गेली. पेन्शनच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ‘आजी, वाढीव दराची मुदत आता दहा वर्षं झालीय, तुमचं बरोबर आहे.’ आईचं समाधान झालं नाही. तोंडी बोलण्यावर विसंबायचं नाही, ही सवय तिला रेशनच्या ऑफिसात लागलेली. तिने साध्या फुलस्केपवर अर्ज लिहिला: ‘माझी पेन्शन कमी व्हायला हवी होती का, कृपया कळवावे.’ त्या बाईंनी तिच्या प्रतीवर खाली निळ्या पेनाने लिहून दिलं, ‘नवीन आदेशानुसार १० वर्षे’, सही केली आणि आवक शिक्का मारला. शिक्का थोडा तिरका पडलाय, तारखेतला महिना पुसट आहे, पण साल स्पष्ट वाचता येतं. हा कागद लाइट बिलांच्या पिशवीत होता. त्या कागदाने आम्हाला वाचवलं.

दहा वर्षांचा नियम खोटा नाही. तो नोकरीत असताना वारलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी आहे, २००६ पासून. बाईंनी दोन नियमांची सरमिसळ केली. माझा त्यांच्यावर व्यक्तिशः राग नाही. पण त्यांच्या चुकीची किंमत त्यांच्या पगारातून कोणी मागितली नाही, माझ्या आईच्या औषधांच्या पैशांतून मागितली. त्याचा राग आहे आणि तो राहणार.

२०२१ च्या दिवाळीनंतर पत्र आलं. मूळ पेन्शन १७,७०० वरून १०,६२०, ते ठीक, नियमच आहे. पण मागची जवळजवळ तीन वर्षांची जादा रक्कम महागाई सवलतीसकट तीन लाखांच्या आसपास, आणि ती पूर्ण होईपर्यंत दर महिन्याला तिसरा हिस्सा कापणार. दर महिन्याला तेवीस हजारांच्या घरात जमा होत होते, ते एकदम नऊ हजारांवर. मुंबईत सोसायटीचा मेंटेनन्स आणि बीपी-शुगरच्या गोळ्या यातच त्यातले निम्मे जातात. आधी नोटीस नाही, म्हणणं मांडायची संधी नाही, पत्र आणि कपात एकाच महिन्यात.

मामा स्वतः बँकेतून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, सरकारचा पैसा म्हणजे जनतेचा पैसा, भरून मोकळे व्हा, कोर्टकचेऱ्या आपल्यासारख्यांनी करू नयेत. जनतेचा पैसा हा मुद्दा सुप्रीम कोर्टानेही २०१२ साली एका निकालात मांडला होता, मला ठाऊक आहे. पण त्याच कोर्टाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात पाच परिस्थिती सांगितल्या, ज्यांत वसुली करता येत नाही. तृतीय आणि चतुर्थ श्रेणी (म्हणजे क आणि ड वर्ग) कर्मचारी; निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे; पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर; वरच्या पदाचं काम करायला लावून तो पगार दिला असेल तर; आणि जिथे वसुली सरकारच्या हक्कापेक्षा माणसावर जास्त अन्याय करणारी ठरेल तिथे. कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने हे सगळ्या केंद्रीय खात्यांना कळवलं. मामाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘ते कर्मचाऱ्यांसाठी, विधवांसाठी नाही.’ म्हणजे नोकरी केलेल्या माणसाला संरक्षण आणि त्याच्या मागे राहिलेल्या बाईला नाही? असं म्हणवतं कसं, हे मला आजही समजलेलं नाही.

आम्ही काय केलं ते सांगते, तुम्हाला त्याचाच उपयोग. शाखेत हुज्जत घातली नाही. कपात शाखा करत नाही, सीपीपीसी, म्हणजे बँकेचं पेन्शनचं केंद्रीय कार्यालय, करतं, शाखेतले लोक नुसते खांदे उडवतात. आईच्या नावाने एक निवेदन लिहिलं आणि तेच तीन ठिकाणी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं: सीपीपीसी, बाबांचं पेन्शन मंजूर करणारं कार्यालय, आणि शाखा. सोबत त्या फुलस्केपची झेरॉक्स, पीपीओची झेरॉक्स, पासबुकाची पानं. मागण्या दोन. कपात ताबडतोब थांबवा, आणि ही चूक कोणत्या पातळीवर झाली ते लेखी कळवा. दुसरी मागणी फार महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे चूक बँकेची असेल तर तेवढी रक्कम बँकेने सरकारला एकरकमी भरायची असते, पेन्शनरकडून वसूल होईपर्यंत थांबायचं नसतं. त्यामुळे ‘चूक आमची’ असं लिहून द्यायला त्यांचा हात धजत नाही. मग माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. सरकारी बँकेला तो कायदा लागू आहे, फी दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हिशोबाचा तक्ता, वाढीव दर ठरलेल्या तारखेला बंद न होण्याचं कारण, आणि त्या अर्जाची नोंद असलेल्या आवक रजिस्टरची प्रत मागा. केंद्राची पेन्शन असेल तर सीपेनग्राम्स पोर्टलवर तक्रारही टाका, तिथला नोंदणी क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात घालता येतो.

निवेदन पडून होतं तेव्हाच, मे २०२२ मध्ये, केरळमधल्या एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच सांगितलं: जादा रक्कम माणसाने फसवून किंवा खोटी माहिती देऊन घेतलेली नसेल, नियम लावण्यात कार्यालयाचंच चुकलं असेल, तर वसुली नको. त्याची प्रत जोडून स्मरणपत्र धाडलं. त्याआधी २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध पेन्शनरचे कापलेले पैसे परत द्यायला लावले आणि बँकेवर ५० हजारांचा खर्च बसवला, तेही जोडलं. पण त्या प्रकरणात पेन्शन बरोबरच आहे असं खुद्द कारखान्याने सांगितलं होतं, तेव्हा त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

शेवटी कपात थांबली. कापलेले हप्ते परत जमा व्हायला त्यानंतरही बराच काळ गेला आणि पत्रात माफीचा शब्द नव्हता. आईने जमा झालेल्या ओळीवर बोट ठेवून ती मला दोनदा दाखवली. मामाला मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘नशीब तुमचं.’ मामा, हे नशीब नव्हतं. हा तिचा अर्ज होता, तिच्या अक्षरातला.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. पेन्शन सुरू होताना बँक एक छापील हमीपत्र घेते, जादा रक्कम आली तर परत करीन असं. सासूबाईंनीही सही केली असणार, सगळेच करतात. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने हमीपत्र दिलेल्या निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरवली, आणि बँक हाच निकाल पुढे करते. आमचं उत्तर होतं की त्या हमीपत्रानंतर तिने लेखी विचारलं आणि तुम्ही लेखी चुकीचं सांगितलंत. तुमच्याकडे फक्त तोंडी सल्ला असेल तर ही बाजू लंगडी पडते, हे मान्य. तरी कोण, कोणत्या टेबलावर, साधारण केव्हा, सोबत कोण होतं, हे आठवेल तेवढं आजच लिहून काढा. दुसरं, वसुली थांबली तरी पुढची पेन्शन नियमाप्रमाणे कमी होणारच, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. तिसरं, दाद मिळाली नाही तर केंद्राच्या पेन्शनसाठी कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), राज्याच्या पेन्शनसाठी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण). निवेदन दिल्यावर सहा महिने उत्तराची वाट पाहायची आणि ते झाल्यावर वर्षाच्या आत अर्ज करायचा. नुसती स्मरणपत्रं पाठवत बसलात तर मुदत टळते. त्या पायरीवर वकील घ्याच, मी वकील नाही.

सासऱ्यांची नोकरी केंद्राची की राज्याची, ते नोकरीत असताना गेले की निवृत्तीनंतर, आणि पीपीओवर वाढीव दराची तारीख काय आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर आईच्या निवेदनाचा मसुदा तुमच्या बाबतीत जसा लागेल तसा बदलून इथेच टाकते.