लातूरला काय कळवावे

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रोज रात्री लातूरला आई-वडिलांना फोन होतो, जेवण झाले का, तब्येत कशी आहे, छोटी झोपली का, एवढी विचारपूस झाली की दोन्हीकडचे बोलणे संपते आणि मग कोणीतरी 'बरं, ठेवू?' म्हणते, असे तू लिहिले आहेस. 'आमच्याकडे सांगण्यासारखे काही घडतच नाही', असेही पुढे लिहिले आहेस. हे शेवटचे वाक्य मला मान्य नाही, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते. धायरीच्या तुमच्या घरात, नोकरी करणाऱ्या दोघांच्या आणि बालवाडीत जाणाऱ्या मुलीच्या संसारात सकाळपासून रात्रीपर्यंत जे चालते, नेमके तेच तुझ्या आई-वडिलांना ऐकायचे असते. माझी मुलगी कॅनडात राहते. फोनची वाट पाहणाऱ्यांत मीही आहे, आणि वाट पाहणाऱ्याला काय हवे असते हे मला चांगले ठाऊक आहे.

'सगळे ठीक आहे' हे ऐकून जीव भांड्यात पडतो हे खरे; पण त्यानंतर विचारायला काही उरत नाही. उलट, कैरी मिळाली नाही म्हणून आंबट हिरव्या सफरचंदाचा तक्कू केला, असे मुलीने एकदा सांगितले, तेव्हा सफरचंद किसले की चिरले, पाणी किती सुटले, मेथीची पूड घातली का, असे माझे प्रश्न संपेनात. मग मीही तसा तक्कू करून पाहिला आणि तो कसा झाला ते तिला कळवले. घरातल्या बातमीत एखादी वस्तू, एखादी अडचण किंवा अजून व्हायचा असलेला एखादा निर्णय असला, की ऐकणाऱ्याला तीत शिरायला वाट मिळते. म्हणून 'छोटी मजेत आहे' एवढ्यावर थांबू नकोस; ती हल्ली डब्यातली पोळी परत आणते आणि मैत्रिणीचा उपमा खाते, हे सांग. तुझी आई त्यावर काही ना काही सुचवल्याशिवाय राहणार नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

आमच्या लहानपणी हे काम आंतर्देशीय पत्र करीत असे. टपाल खात्याने ते 1950 मध्ये सुरू केले. एकच निळसर कागद, त्यालाच घडी घालून चिकटवायचे आणि आत दुसरे काही ठेवायचे नाही, असा नियम असल्यामुळे काय लिहायचे हे आधी मनात ठरवावे लागे. वडील वरच्या भागात व्यवहाराचे लिहीत, आई उरलेल्या जागेत कुरडया किती झाल्या, गाय कधी व्याली, कोणाचे लग्न कुठे ठरले हे बारीक अक्षरात बसवी, आणि आलेले पत्र घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाई. फोनवर जागेची अडचण राहिली नाही, पण आधी ठरवून बोलण्याची सवयही त्याबरोबर गेली. ती परत लावून घेता येते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आपण दुधाचा हिशेब लिहितो, त्याच चौकोनात 'कुकरची रिंग', 'शेजारच्या आजी पडल्या', 'छोटीचा बूट' असे दोन-दोन शब्द टिपत जा. रात्री फोन लावताना त्या पानाकडे एकदा पाहिलेस की पुरे. तुझ्या वडिलांना फोनवर नीट ऐकू येत नाही असे तू म्हणतेस. त्यांना महिन्याकाठी एक पत्र हाताने लिहिलेस तर फारच उत्तम, कारण कागद त्यांना हवा तेव्हा पुन्हा वाचता येईल.

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. तुमचे घर नेमके कुठे आणि कसे आहे, हे लातूरला माहीत आहे का? 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून मुठा नदीत मोठा विसर्ग झाला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले आणि दिवसभर दूरचित्रवाणीवर तीच दृश्ये दिसत राहिली. धायरीही 'सिंहगड रस्त्याला' आहे, एवढेच ज्यांना ठाऊक आहे त्या आई-वडिलांना त्या दिवशी काय वाटले असेल? नदी आपल्यापासून किती लांब आहे, आपली इमारत उंचावर आहे, आपण कितव्या मजल्यावर राहतो, कार्यालयात जाताना कोणता पूल लागतो, हे त्यांना आधीपासून माहीत असते तर बातमी पाहताना त्यांना स्वतःच अंदाज करता आला असता. पुढे जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या गुलियन-बॅरे आजाराचे रुग्ण आढळले आणि पिण्याच्या पाण्यावर संशय आला, तेव्हा तर तुमच्या भागाचे नावच बातम्यांत होते. अशा वेळी 'काळजी करू नका' म्हणून काळजी थांबत नाही. आमच्या सोसायटीला पाणी अमुक ठिकाणाहून येते, आम्ही ते उकळून पितो, बाहेरचे खाणे बंद केले आहे आणि छोटीला डबा व पाणी घरूनच देतो, असे सांगितले की काळजीला आधार मिळतो. पुढच्या वेळी ते आले की त्यांना घरापासून बालवाडीपर्यंत, भाजीवाल्यापर्यंत आणि बसथांब्यापर्यंत पायी फिरवून आण. नंतर फोनवर तू जे सांगशील ते त्यांना दिसू लागेल.

त्यांच्याकडे जे ज्ञान आहे ते मागत जा, हीही विनंती आहे. महापालिका दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने येते, ही तुझ्या दृष्टीने कटकट आहे. तुझे वडील मात्र अशा गावात राहतात जिथे एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. किती पाणी पिण्यासाठी बाजूला काढावे, भाजी धुतलेले पाणी कशाला वापरावे, पिंपात पाणी किती दिवस चांगले राहते, हे त्यांनी निभावून नेलेले आहे. गुरुवारच्या पाण्याची बातमी त्यांना केवळ ऐकवू नकोस, त्यावर सल्ला विचार, आणि तो सल्ला पाळलास तर पाळल्याचे आठवणीने कळव. मुले नोकरीला लागली की आई-वडिलांकडून पैसे, निर्णय, कामे यांपैकी काहीच मागेनाशी होतात आणि याला ती त्यांची काळजी घेणे समजतात. मला यात आई-वडिलांचा तोटा दिसतो.

तुझ्याकडच्या बातम्यांइतकेच त्यांच्याकडचे विचारणेही मोलाचे आहे, आणि तिथेही मोघम प्रश्न उपयोगाचा नाही. 'काय चाललंय?' या प्रश्नाला 'नेहमीचंच' हेच उत्तर येणार. पाऊस पडला का, सोयाबीनला शेंगा कशा धरल्या, बाजारात भाव काय निघाला, तूर विकली की ठेवली, हे विचार. मार्गशीर्ष अमावास्येला, तुमच्याकडच्या येळवशीला, तुम्हाला सुट्टी नसते. पण त्या दिवशी शेतात कोण कोण जेवायला आले, कडब्याची कोप, म्हणजे खोपी, कोणी उभी केली, भाज्या-डाळींची भज्जी पुरली का, आंबील यंदा नीट आंबली का, एवढे विचारलेस तर तुझी आई अर्धा तास बोलेल. वडील निवृत्त शिक्षक आहेत, तेव्हा नोव्हेंबर लागला की हयातीचा दाखला दिला का, हे विचारायला विसरू नकोस. हा दाखला ऑनलाइन देण्याची जीवन प्रमाण ही सोय 2014 पासून आहे, आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. फोनवर बोलता बोलता त्यांच्याकडून ते करवून घे. शिवाय कालच्या बोलण्याचा धागा आज उचलावा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले होते ना, मग काय म्हणाले, असे मुलीने आठवणीने विचारले की आपले बोलणे तिच्या मनात राहिले याचा आनंद होतो; तो आनंद मी अनुभवला आहे.

वाईट बातमी लपवू नये, या मतावर मी ठाम आहे. छोटीला पावसाळ्यात ताप आला, नवऱ्याच्या कंपनीत माणसे कमी करण्याचे चालले आहे, घरमालकाने घर सोडायला सांगितले, या गोष्टी आज ना उद्या एखाद्या मावसभावाकडून त्यांच्या कानावर जातातच, आणि मग मूळ दुःखापेक्षा आपल्याला परके धरले याचेच जास्त लागते. सांगताना मात्र क्रम सांभाळ. आता स्थिती काय आहे हे सर्वांत आधी, काय घडले हे त्यानंतर, आपण काय करतो आहोत हे मग, आणि पुन्हा फोन कधी करणार हे शेवटी. 'छोटी घरीच आहे, सध्या ताप उतरला आहे. काल संध्याकाळी भरला होता म्हणून डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी सांगितली. अहवाल दुपारी येईल, आला की लगेच कळवते.' एवढ्या तीन वाक्यांत सगळे येते. तू असे मोकळेपणाने सांगत गेलीस तर आईही स्वतःच्या गुडघ्याचे आणि वडिलांच्या रक्तदाबाचे लपवणार नाही.

याचा आणखी एक उपयोग आहे. 'तुमच्या मुलीला अपघात झाला आहे, ताबडतोब पैसे पाठवा' किंवा 'तुमच्या जावयाला पोलिसांनी धरले आहे' असे खोटे फोन हल्ली वृद्धांना येतात. मुलगी या वेळी कार्यालयात असते, जावई आज घरून काम करतो आहे, हे ज्यांना ठाऊक आहे ते सहजी फसत नाहीत. तरीही असा फोन आलाच तर आधी तुला फोन करायचा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवायची, हे त्यांना सांगून ठेव.

काही गोष्टी सांगू नयेत, हेही लिहिते. नवरा-बायकोतली कुरबूर त्याच रात्री लातूरला पोचवू नकोस. तुमचे सकाळी मिटते, आई मात्र ते महिनाभर मनात ठेवते. तुझ्या जिवाला किंवा मानाला धक्का लागत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा क्षणभरही गप्प राहू नये. सासू-सासऱ्यांनाही घरातले सगळे कळले पाहिजे आणि ते तुझ्या नवऱ्याने स्वतः कळवावे. दोन्ही घरांचा फोन सुनेनेच सांभाळायचा ही पद्धत मला पटत नाही. आणि व्हिडिओ कॉलवर छोटीला 'आजीला गाणं म्हणून दाखव' असा आग्रह करू नकोस. फोन ओट्यावर टेकवून ठेव. ती खेळत राहील, तू भाजी निवडत राहशील, आणि आजीला जे पाहायचे आहे ते तिला पाहता येईल.

आज रात्री पोळीच्या डब्यापासूनच सुरुवात कर. आईला माझा नमस्कार सांग, आणि त्यांची आंबील किती दिवस आंबवतात व ताकाचे प्रमाण काय असते, ते विचारून मला सविस्तर लिही. मला या येळवशीला ती करून पाहायची आहे.

कळावे,

तुझी मावशी