स्पेस वेदरमध्ये संशोधन करणारे दिवसभर नेमकं काय करतात? एम.एस्सी. फिजिक्सनंतर यात पडावं का?

स्पेस वेदर म्हणजे सूर्यावरच्या घडामोडींमुळे पृथ्वीभोवतीच्या अवकाशात होणारे बदल. त्यासाठी दिवसभर एक रेष बघतो. थट्टा नाही, खरंच. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मिनिटामिनिटाला किती हललं, त्याची रेष.

अलिबागच्या वेधशाळेत या क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतो. शांत दिवशी दुपारकडे तो थोडा वर सरकतो, कारण १०० किलोमीटर उंचीच्या आसपास आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, उन्हाच्या जोरावर वीजप्रवाह वाहू लागतात. संध्याकाळी परत खाली बसतो. शंभरेक नॅनोटेस्लाने घसरला की आम्ही त्याला तीव्र चुंबकीय वादळ म्हणतो. म्हणजे फरक किती, तर जेमतेम पाव टक्का! त्या पाव टक्क्यावर माझं घर वीसेक वर्षं चाललंय.

आता तुम्हाला कुणी सांगणार नाही ते सांगतो. यातलं निम्म्याहून जास्त काम म्हणजे नोंदी निवडणं, तांदूळ निवडतात तसं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला एका वेधशाळेच्या (नाव राहू दे) नोंदींत सहा नॅनोटेस्लाची पायरी दिसली. सकाळी पावणेदहाला चढायची, साडेपाचला उतरायची. मी तीन आठवडे त्यावर सिद्धांत रचत होतो, सौर वाऱ्याच्या (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या) आकड्यांशी जुळवून पाहत होतो. सरांनी आलेख दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "अरे, रवीला रविवारची सुट्टी कशी काय?" रविवारी पायरी नव्हती! कुणीतरी नव्याने रुजू झालेला माणूस कुंपणालगत स्कूटर लावत होता, तिच्या लोखंडाने रेष सरकत होती. तेव्हापासून निरीक्षणाच्या खोलीत शिरताना घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, बकलवाला पट्टा, सगळं बाहेरच्या टेबलावर काढून ठेवणाऱ्यांची मी कधी टिंगल केली नाही.

वादळाचे दिवस वर्षातून थोडेच. १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. रात्री साडेदहाच्या सुमारास मी आमरसाने जड होऊन लॅपटॉप उघडला, तर रेषेने एकदम वर उडी मारलेली. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित वायूचा ढग पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला की ते दाबलं जातं, त्याची ही उडी. मग घसरण सुरू. पृथ्वीभोवती काही पृथ्वी-त्रिज्या अंतरावर विद्युतभारित कणांचा प्रवाह कड्यासारखा फिरतो, तो फुगतो आणि जमिनीवरचं क्षेत्र कमी करतो. सकाळपर्यंत डीएसटी हा वादळाचा निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लाच्या खाली गेला होता. लडाखमधल्या हानलेहून आकाशातल्या लाल उजेडाचे फोटो यायला लागले. बायको म्हणाली, झोप आता. झोप कसली येतेय!

अंदाजाचं विचाराल तर आम्ही अजून लंगडेच आहोत. ढग निघालेला दिसतो, कधी पोचेल तेही काही तासांच्या फरकाने सांगता येतं. पण त्याच्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं आहे की उत्तरेकडे, यावर सगळा खेळ. दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जेला दार उघडतं. ही दिशा खात्रीने कळते ती ढग पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी पोचल्यावर. आपलं आदित्य यान तिथेच आहे, जानेवारी २०२४पासून. तिथून पुढे हातात उरतात पंधरा मिनिटं ते तासभर. मार्च १९८९मध्ये क्विबेकची वीज दीड मिनिटात कोसळली होती आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते, हे लक्षात घेतलं तर तासभर म्हणजे फार नाही.

आणि मुंबईच्या माणसाला याचं विशेष अप्रूप हवं. २ सप्टेंबर १८५९ला प्रचंड चुंबकीय वादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षक दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा डोळ्याने वाचून वहीत उतरवत होते, गडबड वाढली तशी काही मिनिटांच्या अंतराने. घट नोंदली गेली सुमारे १६०० नॅनोटेस्ला. त्या वहीचं मोल जगाला नीट कळलं ते २००३मध्ये, त्सुरुतानी, लाखिना आणि सहकारी संशोधकांच्या शोधनिबंधामुळे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हटल्यावर चुंबकीय वेधशाळा १९०४ला अलिबागला नेली. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. त्यांनी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणून जुनी आणि नवी मालिका जोडता येते. माझ्या मते हा माणूस या विषयातला खरा हिरो.

राहिलं करिअर. नेट किंवा जेस्ट या प्रवेशपरीक्षा काढा. नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था, अहमदाबादचं पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी), तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी, कोलकात्याचं आयसर, या जागा बघा. फेलोशिप सुरुवातीला महिना ३७ हजार, पाच-सहा वर्षं त्यातच काढायची तयारी हवी. पायथन येत नसेल तर आजपासून शिका. कायम नोकरीच्या जागा मोजक्या आहेत, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पण अर्ज करण्याआधी एक करा. जपानमधल्या क्योटोच्या भूचुंबकीय माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर डीएसटीचे ताशी आकडे फुकट मिळतात. मे २०२४चे उतरवून आलेख काढा. वादळ लगेच सापडेल, ते सोडा. उरलेले दिवस बघत बसा. तासाभरात कंटाळा आला तर दुसरा विषय निवडा, आणि १७ तारखेला हे असं का झालं असं विचारावंसं वाटलं तर मला मेसेज करा.